पाकिटावरच्या सासूबाई

कॅफेमध्ये साखरेची कागदी पुडी हातात आली की ती केस माझ्यासमोर येऊन बसते. मला स्वतःला साखर बंद आहे, डॉक्टरांनी दटावून ठेवलंय. तरी मी त्या पुडीशी चाळा करत राहतो आणि बायको समोरून म्हणते, "अहो, ठेवा ती खाली." मी कुठे पोचलोय हे तिला बरोबर कळलेलं असतं.

मी मूळचा पुण्याचा. इंजिनिअर म्हणून सिडनीला आलो, काही वर्षं कारखान्यात काढली, कंटाळलो आणि सरळ पोलीस अकादमीचा अर्ज भरला. आईने फोनवर कपाळाला हात लावला होता. "एवढं शिकून तिकडे जाऊन हवालदार झालास?" त्या हवालदाराचा पुढे डिटेक्टिव्ह सार्जंट झाला, आणि मग निवृत्त झाला. खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांना घातलेले गंडे पाहिले. पण कुणी विचारलं की मी जी केस सांगतो, तिच्यात ना खून होता ना चोरी. एक म्हातारी बाई दिसेनाशी झाली होती, एवढंच. नाव मी कुणाचंच सांगणार नाही, कारण या केसमध्ये सगळा घोळ नावानेच घातला होता.

सिडनीतला दुसरा मोठा लॉकडाऊन. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे कामाशिवाय जायचं नाही, कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, आणि क्वीन्सलँडची सरहद्द बंद. ठाण्यात चोऱ्या कमी झाल्या होत्या, कारण सगळेच घरात. त्याऐवजी दिवसभर तक्रारी यायच्या. शेजाऱ्याकडे पाहुणे आलेत, समोरचा मास्क लावत नाही, मागच्या गल्लीत मुलं खेळतायत. माणसं घरात कोंडली की पहिल्यांदा खिडकीतून बाहेर बघायला लागतात आणि मग फोन उचलतात. त्यातली निम्मी भांडणं आम्ही फोनवरच मिटवायचो.

अशात एका दुपारी टिप आली. बाईचा आवाज होता, नाव सांगायला तयार नाही. सिडनीच्याच केलीव्हिल उपनगरातल्या अमुक घरात एक वृद्ध स्त्री राहते, कित्येक महिन्यांत ती कुणाला दिसलेली नाही, फोनवर येत नाही, सून सांगते झोपल्यात, आणि तरीही सून तिच्या नावाने व्हिडिओ काढते. "प्लीज, कुणीतरी आत जाऊन बघा," असं म्हणून फोन ठेवला.

पत्ता वाचला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. ते घर माहीत नाही असा मराठी माणूस सिडनीत नव्हता.

त्या बाईंना सगळे ताईच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. टीव्हीवरच्या एका स्वयंपाकाच्या स्पर्धेत त्या शेवटच्या फेरीपर्यंत गेल्या होत्या, आणि तिथे सगळा देश त्यांच्या प्रेमात पडला तो त्यांच्या सासूबाईंमुळे. ताईंचा नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. घरात राहिल्या दोघी, सासू आणि सून. सासूबाई प्रेक्षकांत बसून हातवारे करून सांगायच्या, मीठ घाल, मीठ घाल! पुढे त्यांचं यूट्यूब चॅनल निघालं. एका कंपनीने थालीपिठाची भाजणी, फ्रोझन पुरणपोळ्या, मेतकूट असं सगळं बाजारात आणलं आणि प्रत्येक पाकिटावर दोघींचा फोटो. सासूबाई खुर्चीत, ताई मागे उभ्या, खांद्यावर हात. इंडियन ग्रोसरीत शिरलं की पहिल्यांदा त्या दोघीच दिसायच्या. मोठ्या सुपरमार्केटशी बोलणी चालू आहेत, असं माझ्या बायकोने मला सांगितलं होतं. बायको महाराष्ट्र मंडळाच्या तिन्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होती. आमच्या गुप्तवार्ता विभागापेक्षा तिच्याकडे बातमी आधी यायची.

मी जोडीदाराला घेऊन वेलफेअर चेकला, म्हणजे माणूस सुखरूप आहे ना ते बघायला गेलो. जोडीदार म्हणजे एक सीनियर कॉन्स्टेबल, डार्विनमध्ये वाढलेली, पन्नाशीची, उन्हाने रापलेली बाई. ती कुणावर पटकन विश्वास ठेवायची नाही आणि कुणाशी तुसडेपणानेही वागायची नाही.

ताईंनी दार उघडलं. मास्कच्या वर डोळे दिसत होते, ते मला पाहून चमकले. गणवेशाला घाबरलेले डोळे मी ओळखतो. हे तसे नव्हते. मराठी माणूस पाहून ही बाई घाबरली होती.

"सासूबाई आहेत ना घरात? दोन मिनिटं भेटून जातो."

"झोपल्यात. बरं नाहीये त्यांना."

"मग लांबूनच बघतो."

त्या दारातच उभ्या राहिल्या. मग बाजूला झाल्या आणि हळूच म्हणाल्या, "नाहीयेत."

कुठे आहेत, ते सांगायला मात्र तयार नव्हत्या. आम्ही घर पाहिलं. सासूबाईंची खोली लख्ख आवरलेली, पलंगावर घडी न मोडलेली चादर. मी नेहमीच्या सवयीने काय आहे यापेक्षा काय नाही ते बघितलं. काठी नव्हती. चष्मा नव्हता. कवळीची डबी नव्हती. ज्या माणसाचं काही बरंवाईट झालंय, त्याची कवळी कुणी बरोबर देत नाही. माझा जीव थोडा भांड्यात पडला. पण कवळीवर फाइल बंद होत नाही.

स्वयंपाकघरात सगळं व्हिडिओत दिसतं तसंच होतं. ओट्यावर पालथा घातलेला दोन पुडांचा स्टीलचा डबा. खिडकीत काचेची एक मोठी बरणी, आणि तिच्यात साखरेच्या कागदी पुड्या, मध्येमध्ये दोन-दोन बिस्किटांची छोटी पाकिटं. मी मनात म्हटलं, बघा, एवढी मोठी बाई, पण कॅफेतून पुड्या उचलून आणायची सवय काही सुटलेली नाही. आपल्या लोकांची खोड! आणि पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी टिप देणारीचा पुन्हा फोन आला. या वेळी तिने नाव सांगितलं. ती सासूबाईंची सख्खी मुलगी होती, म्हणजे ताईंची नणंद. क्वीन्सलँडमधल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलमध्ये नर्स.

"मीच काल फोन केला होता. भावजयीवर संशय घेतेय हे तिला कळायला नको होतं. ती निर्दोष निघाली तर मी तोंड कसं दाखवू तिला? दादा गेल्यावर आईला तिनेच सांभाळलंय हो. पण आता किती महिने झाले, आई फोनवर येतच नाही. आत्ता झोपली, आत्ता आंघोळीला गेली. मी नर्स आहे, मला कळतं ना काहीतरी लपवतायत ते! बॉर्डर बंद नसती तर मी रात्रीत गाडी चालवत आले असते." मग तिला रडू फुटलं. "आई आहे ना हो? एवढंच सांगा मला. आहे ना?"

मी म्हटलं, शोधतो. अशा वेळी दुसरं काही बोलू नये. पोलिसाने नातेवाइकाला दिलेला शब्द पाळायला जड जातो.

या बिचारीने एक गोष्ट मात्र करून ठेवली होती. केलीव्हिलमधल्या एका मैत्रिणीला तिने सांगितलं होतं, जाता-येता घराकडे लक्ष ठेव. मैत्रिणीला दारात पोलिसांची गाडी दिसली. गाडीचा फोटो ग्रुपवर पडला. संध्याकाळपर्यंत तो फोटो मेलबर्न, पर्थ, पुणे करून परत माझ्या घरी आला, माझ्याच बायकोच्या फोनवर.

"अहो, हे काय हो? सासूला मारलं म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

"सगळेच."

"तू कुणाला पाठवलंस?"

ती कणीक मळायला गेली.

पुढच्या दिवसांत नावाचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. ग्रोसरीवाल्याने आधी पाकिटं उलटी करून ठेवली, फोटो भिंतीकडे. मग ती खालच्या फळीवर गेली. मग कंपनीने नवीन माल पाठवला त्यात फोटोवर मोठं पिवळं स्टिकर, 'नवी चव'. चव कसली नवी, भाजणी तीच होती! मी एक पाकीट घेतलं तर दुकानदार म्हणाला, "सर, आप भी? लोग तो हाथ नहीं लगा रहे." जे लोक आधी त्या भाजणीचं कौतुक करताना थकत नव्हते, त्यांनाच आता ती कडू लागत होती. ज्यांनी कधी भाजणी खाल्लीच नव्हती तेही चॅनलवर जाऊन शिव्या देत होते. सासू-सुनेच्या प्रेमावर उभं राहिलेलं नाव, त्याला दुसरं कुठलं कुलंगडं एवढं लागलं नसतं. ताईंनी कर चुकवला असता तर लोकांनी दोन दिवस चघळून सोडून दिलं असतं.

ताईंना स्टेटमेंटसाठी बोलावलं. मोठी खोली, टेबलाच्या दोन टोकांना आम्ही, सगळ्यांना मास्क, मध्ये रेकॉर्डर. अशी विचारपूस फार अवघड असते. माणूस खोटं बोलताना तोंडाची जी हालचाल होते ती झाकलेली. मी डोळे आणि हात एवढ्यावर काम चालवायचो.

"सासूबाई कुठे आहेत?"

"सुखरूप आहेत."

"कुठे?"

"ते मी सांगणार नाही."

"ताई, त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत त्या झोपल्यात. ते खोटं निघालं. आज तुमच्या 'सुखरूप'वर मी कशाच्या जोरावर विश्वास ठेवू?"

"नका ठेवू."

"त्यांच्या मुलीने तक्रार दिलीय. ती तिकडे रडतेय."

हे ऐकल्यावर त्यांचे हात टेबलाखाली गेले. मग म्हणाल्या, "तुमच्याऐवजी दुसरं कुणी नाहीये का इथे? कुणी गोरं?"

"का?"

"तुमच्या मिसेस आमच्या मंडळात आहेत. तिन्ही ग्रुपवर आहेत. तुम्ही मराठी आहात ना सर, म्हणूनच तुम्हाला सांगायचं नाहीये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी ठाण्यातली गोष्ट घरी नेत नाही."

"सगळेच असं म्हणतात."

मी उठून बाहेर गेलो आणि जोडीदाराला आत पाठवलं. तिलाही ताईंनी दाद दिली नाही. रिपोर्ट लिहाल, तो कुणीतरी वाचेलच, एवढंच म्हणाल्या. सांगायचं नाही म्हणजे नाही. मी खूप निर्ढावलेले लोक पाहिलेत, पण ही बाई निर्ढावलेली नव्हती. तिने आतून कडी लावून घेतली होती आणि कडी तुटेपर्यंत ती काढणार नव्हती.

त्याच दुपारी कंपनीचा मार्केटिंगवाला ठाण्यात हजर. दिल्लीकडचा, हुशार, फार गोड बोलणारा. "सर, सिंपल है. आजी को एक बार लाइव्ह पे बिठा दो. हॅलो बोलेंगी, हाथ हिलाएंगी, सब सॉर्टेड. हम तो कब से बोल रहे हैं ताई को. वो मानती ही नहीं." मी विचारलं, आजी कुठे आहे हे तुम्हाला तरी माहीत आहे का? तो म्हणाला, नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या व्हिडिओत आजींचा आवाज शेजारच्या खोलीतून यायचा, तो जुन्या रेकॉर्डिंगचा असेल असं त्याला आताशा वाटायला लागलं होतं. वाटूनही तो गप्प बसला होता. माल जात होता ना.

इन्स्पेक्टरसाहेबांनी निर्णय दिला. उद्या वॉरंट घ्यायचं, घराची झडती, आणि मागच्या अंगणात भाजीचे वाफे नव्याने केलेले दिसतायत, ते खणायचे. माझ्या जोडीदारालाही हेच पटत होतं. "मेट, तुझं मन काहीही सांगू दे. एक आजी बेपत्ता आहे आणि सून खोटं बोललीय." तिचं चूक नव्हतं. नियमाने बघितलं तर तेच बरोबर होतं. पण ती फावडी अंगणात उतरली की कॅमेरे कुंपणावर चढणार, हेही मला दिसत होतं. मग वाफ्यात मेथीशिवाय काही निघालं नाही तरी काय? ते चित्र कायमचं राहिलं असतं. मी म्हटलं, सकाळपर्यंत वेळ द्या. फोनवरून आसपासचे सगळे वृद्धाश्रम, नर्सिंग होम धुंडाळायचा प्रयत्न आम्ही केलाच होता. सगळीकडे एकच उत्तर, फोनवर माहिती देता येत नाही, लेखी विनंती करा, सध्या स्टाफ कमी आहे.

सकाळी ड्यूटीवर निघायच्या आधी मी चहा घेत होतो. शेजारच्या गुजराती काकूंनी आदल्या दिवशी कुंपणावरून ढोकळे दिले होते. बायको त्यांचा डबा परत करायला निघाली होती, पण दारापर्यंत जाऊन मागे फिरली आणि फडताळ उघडून शोधायला लागली.

"काय हवंय?"

"अहो, रिकामा डबा कसा देऊ? घरात काही केलेलं नाहीये." मग तिने साखरेचा डबा काढला, त्यात चमचाभर साखर घातली, झाकण लावलं. "साखर तर साखर."

माझा कप तोंडापाशीच थांबला.

हे काय मला माहीत नव्हतं? लहानपणापासून बघत आलोय. आई तर शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी पाठवायची नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर. आणि मी, एवढा मोठा डिटेक्टिव्ह, बरणीभर साखर बघून आलो आणि म्हणालो कॅफेतून उचललीय! अरे, कॅफे बंद होते. बाहेरच्या बाहेर कॉफी देत होते, टेबलावर पुड्या ठेवतं कोण? आणि ज्या घरात पोत्याने साखर लागते, तिथे कागदी पुड्या कशाला? ओट्यावर तो दोन पुडांचा डबा होता. तो रोज भरून कुठेतरी जात होता आणि रोज परत येत होता. रिकामा नाही. जिच्याकडे स्वतःची साखर नाही, स्वतःचं स्वयंपाकघर नाही, चहाच्या ट्रेमधून येते तेवढीच एक पुडी आणि दोन बिस्किटं आहेत, अशी कुणीतरी मराठी बाई तो परत पाठवत होती.

मी चहा तसाच टाकला. इन्स्पेक्टरसाहेबांना फोन करून म्हटलं, एक तास थांबा, माझ्या जबाबदारीवर. जोडीदाराला घेतलं आणि ताईंच्या दारात गेलो.

"ताई, मी वॉरंट आणलेलं नाही. एकच विचारतो. रोजचा डबा किती वाजता नेता?"

त्यांनी दाराची चौकट धरली.

"ती बरणी त्यांनी भरलीय ना? रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून."

ताई तिथेच पायरीवर बसल्या आणि ओंजळीत तोंड खुपसून रडल्या. जोडीदार मला विचारत होती, काय झालं, तू काय बोललास तिला? मी म्हटलं, सांगतो, गाडीत सांगतो.

मग सगळं बाहेर आलं. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला होता. आधी गॅस चालू राहायला लागला, मग रस्ता चुकायला लागला. एकदा पहाटे त्या परकराविना... जाऊ दे. त्या फार टापटिपीच्या बाई. केस विंचरल्याशिवाय कधी कॅमेऱ्यासमोर बसल्या नाहीत. अजून शुद्ध होती तेव्हाच त्यांनी सुनेचा हात धरून सांगितलं, "मला अशी कुणाला दाखवू नकोस. आणि लेकीला तर नाहीच. ती तिकडे एकटी, ऐकून खचेल." मग डॉक्टर म्हणाले, घरी ठेवणं धोक्याचं आहे. दोन-तीन किलोमीटरवरच्या एका केअर होममध्ये ठेवलं, आणि लगेच लॉकडाऊन लागला. आत जायला बंदी. ताई रोज फाटकात डबा देऊन यायच्या.

"मग व्हिडिओ?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

"करार दोघींचा होता सर. त्या नाहीत म्हटलं असतं तर सगळं बंद. तिथली फी त्यातूनच जायची. मला वाटलं, थोडे दिवस."

"म्हणजे वचन किती आणि करार किती, ताई?"

त्यांनी डोळे पुसले. "आता माझं मलाच वेगळं काढता येत नाही."

इतक्या वर्षांत संशयितांकडून मी जे काही ऐकलं, त्यात एवढं खरं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

आम्ही केअर होमला गेलो. तळमजल्यावरच्या खिडकीच्या काचेपलीकडे त्या बसल्या होत्या. पाकिटावरच्या सासूबाई, अर्ध्या झालेल्या. केस मात्र नीट विंचरलेले. ताई रोज फाटकातून नर्सला तेवढं एकच सांगून यायच्या. जोडीदाराने काचेजवळ वाकून हात केला तर सासूबाईंनी तिला खुणेने विचारलं, जेवलीस का? मी अर्थ सांगितला. त्या रापलेल्या बाईने मान वळवली आणि उगाच वायरलेसशी खटपट करत राहिली.

तिथूनच ताईंनी नणंदेला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन काचेला टेकवला. लेक पलीकडून "आई, आई" करत होती. आईने ओळखलं नाही. पण छोट्या पडद्यावरच्या त्या रडणाऱ्या बाईकडे बघून ती काळजीने सुनेला हाताने काहीतरी सांगत होती, बहुतेक, हिला पाणी दे. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो. नणंद-भावजय मग बराच वेळ बोलत होत्या. भांडल्याही असतील. ते ऐकायचं माझं काम नव्हतं.

वॉरंटचा बेत रद्द झाला. आम्ही निवेदन दिलं ते एवढंच, वृद्ध महिला सुखरूप आहे, कोणताही गुन्हा आढळलेला नाही, खासगी बाब असल्याने अधिक तपशील देता येत नाही. लोकांना ते पुरलं नाही. म्हणजे वृद्धाश्रमात टाकलं, असं म्हणाले. नाव तोंडावर आपटलेलंच राहिलं.

मार्केटिंगवाल्याला ताईंनी स्वतः खरं सांगितलं, तेव्हा मी हजर होतो. मला वाटलं तो चिडेल. उलट त्याचे डोळेच चमकले. "ताई, ये तो और बडी स्टोरी है! खिडकी के इस पार आप, उस पार आजी. एक व्हिडिओ, बस एक. लोग रो पडेंगे. ब्रँड पहले से डबल होकर वापस आएगा." आणि तो खोटं बोलत नव्हता. तसंच झालं असतं. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांनीच रडून डोक्यावर घेतलं असतं.

ताई म्हणाल्या, "नाही."

"ताई, सुपरमार्केट अजून थांबलेत. सोच लो."

"केला विचार. त्यांनी मला एकच गोष्ट मागितली होती. मी अर्धी मोडली, उरलेली नाही मोडणार."

करार गेला. चॅनल त्यांनी स्वतः बंद केलं, तेही शेवटच्या व्हिडिओत, आधीच्या व्हिडिओंमधला सासूबाईंचा आवाज जुना होता, मी तुम्हाला फसवलं, माफ करा, एवढं सांगून. का, ते सांगितलं नाही. पुढे त्या टूवूंबाच्या बाजूने कुठेतरी शाळेच्या कँटीनमध्ये काम करतायत असं कानावर आलं. सरहद्द उघडल्यावर त्यांनी सासूबाईंनाही लेकीजवळच्या केअर होममध्ये हलवलं होतं.

मी हे सगळं घरी बोललो नाही. बायकोने खोदून खोदून विचारलं, शेवटी रुसली, पण मी तोंड उघडलं नाही. ताईंना मी शब्द दिला नव्हता. पण "सगळेच असं म्हणतात" हे मला लागलं होतं.

या केसने मला काय शिकवलं ते विचाराल, तर साधं आहे. नाव वर चढवायला लोकांना काही माहीत असावं लागत नाही, आणि खाली आपटायलाही. ते त्यांचं असतं, त्यांना वाटलं तर परत घेतात. म्हणून तपासात मी नंतर कधी माणसाच्या नावाकडे पाहिलं नाही. त्याच्या घरातून रोज काय बाहेर जातं आणि काय परत येतं, ते पाहिलं.

गेल्या वर्षी ताई स्वतः आमच्या घरी आल्या. सासूबाई गेल्याचं सांगायला. मी अडखळत विचारलं, हे कधी लिहिलं तर चालेल का? म्हणाल्या, "आता लिहा. नाव नको आणि फोटो नको." येताना थालीपीठं आणली होती, त्याच दोन पुडांच्या डब्यात. बायकोला त्या दिवशी पहिल्यांदा सगळं कळलं. ती ऐकत राहिली. मध्ये एक शब्द नाही, आणि माझी बायको गप्प बसणं ही सोपी गोष्ट नाही.

ताई म्हणाल्या, "शेवटचे काही महिने डबा रिकामा यायला लागला, सर. धुतलेला, रिकामा. पहिल्या दिवशी वाटलं, राहिलं असेल. मग कळलं, तेही गेलं. एवढा करार मोडला तेव्हा मी रडले नव्हते हो. तेव्हा रडले."

"मग?"

"मग काय, रोज घरी येऊन बरणीतली त्यांचीच एक पुडी त्या डब्यात ठेवायचे. सकाळी काढून पुन्हा डबा भरायचे. अजून अर्धी बरणी आहे."

त्या निघाल्या तेव्हा बायकोने डबा विसळून आणला. फडताळातून साखर काढली आणि चमचा न घेता डबा सरळ ओतायला सुरुवात केली. खालचा कप्पा भरला, वरचा भरायला घेतला.

"अहो वहिनी, पुरे, पुरे," ताई म्हणाल्या.

बायकोने ऐकलं नाही. काठोकाठ भरल्यावरच तिने झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी डबा ताईंपुढे धरला.